मायनं उपटलेली बाग

मायनं माझी बाग उपटली तेव्हा मी शाळेत तिसरीच्या पोरांचे पाढे घेत होते. घरी आले तर मागची जागा अंगणासारखी लख्ख. एका कोपऱ्यात उपटलेल्या रोपांचा ढीग, मुळं वर आलेली, पानं मलूल पडलेली. ढिगाशेजारी माय पाय पसरून बसली होती, खुरपं मांडीवर, आणि चेहऱ्यावर असं समाधान की काय सांगू.

"किती तण माजू दिलंस गं बाई," ती म्हणाली. "मास्तरीण झालीस म्हून काय जागा अशी ठिवायची? लोक तोंडात शेण घालतील."

मी पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि कपाळावर हात मारून घेतला. ते तण मी पेरलेलं होतं.

हे ऐकून कुणालाही हसू येईल. तेव्हा मला आलं नाही. मी अशी ओरडले की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उभी राहिली. माय मात्र माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पेरलेलं तण ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरेचना. "पेरलं? कुर्डू पेरला? कुर्डू कुणी पेरतं व्हय गं?" असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि मग मला ताप तर आला नाही ना, म्हणून कपाळाला हात लावून बघितला.

मला तेव्हा झरीच्या शाळेत लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. आधी परभणीहून रोज एसटीनं जाण्यायेण्यात जीव बेजार व्हायचा, म्हणून गावातच खोली घेतली. नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून जिल्ह्यात एकदा आगी लागून गेल्या होत्या आणि त्यानंतर सगळेच एकमेकांशी जरा जपून बोलत. खोली बघायला गेलं की आधी आडनाव विचारायचे, मग खोली कालच दुसऱ्याला दिली असं कळायचं. आमच्या घरमालकीण काकूंनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्या थोडा वेळ सुपारी कातरत बसल्या आणि म्हणाल्या, "पगार सरकारी हाय न्हवं? मग राहा."

काकू विधवा होत्या, पण मोठं वावर एकटीनं चालवायच्या. आवाज असा की त्या इकडून ओरडल्या तर तिकडं औत थांबायचं. वाईट नव्हत्या. मला ताक द्यायच्या, पण वरून ओतायच्या, भांड्याला भांडं लागू द्यायच्या नाहीत. मी ते ताक प्यायचे आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचे. ताक मात्र चांगलं असायचं.

खोलीमागं बरीच रिकामी जागा होती. आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेणारी. शाळेतल्या दुसऱ्या बाई गुलाब लावायच्या आणि रोज केसांत माळून यायच्या. त्यांचं बघून मीही एक गुलाब आणला. त्याला पाणी जास्त झालं तरी तो रुसायचा, कमी झालं तरी रुसायचा. शेवटी मेला एकदाचा. सुटले बाई, म्हटलं.

खरं सांगायचं तर मला गुलाब नकोच होता. माझं लहानपण धुऱ्यावर गेलं. धुरा म्हणजे शेताचा बांध. माय रोजानं खुरपायला जायची आणि मला धुऱ्यावर बसवून ठेवायची. शेत मालकाचं, पीक मालकाचं, विहीरही मालकाची. धुऱ्यावरच्या फुलांना मात्र कुणी मालक नव्हता. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तिळवणीची पिवळी फुलं, गोकर्ण, रानभेंडी, आणि एक निळ्या फुलांची वेल, जिचं नाव मला आजही नीट माहीत नाही. ती तोडली तर कुणी "ए पोरी" म्हणून अंगावर यायचं नाही. माझी सगळी खेळणी ती.

पुढं कॅनॉलचं पाणी आलं तशी लोकांना इंच न् इंच जमीन लाडकी झाली. धुरे खरवडून खरवडून करंगळीएवढे केले. झरीला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की रस्त्याच्या कडेला आणि रेल्वेच्या रुळापाशी जेवढं उरलंय तेवढंच उरलंय. तेव्हा ठरवलं, ही जागा आपली आहे, भाडं आपण भरतो, आपण इथं धुराच लावू. रस्त्यावरून जाताना वाळलेले तुरे दिसले की मी पदरात घ्यायचे. पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची, बाईला काय खूळ लागलं म्हणून.

रानातली फुलं लावणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. कसलं सोपं! कुर्डूचं बी काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक. वाळलेला तुरा तळहातावर चोळला की भुरूभुरू सांडतं आणि वारा असला की उडून जातं. निळ्या वेलीचं बी उलट दगडासारखं टणक, ते फरशीवर जरा घासून भिजत घालावं लागतं. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून शेणखत घातलं, तर सगळं नुसतं पानांनी माजलं आणि फूल म्हणून दिसेना. या झाडांना लाड सोसत नाहीत हे कळायला मला एक पावसाळा लागला. दुसऱ्या वर्षी काही घातलं नाही. पावसाच्या आधी कोरड्या मातीत बी फेकलं, कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर बोरीच्या काट्या टाकल्या आणि गप बसले. रोपं वीतभर झाली. मी रोज शाळेतून आल्यावर आधी तिकडं जायचे, मग चहा. तेवढ्यात माय आली.

माय आपण होऊन आली नव्हती. मी तिला ओढून आणली होती. आमचं गाव ताडकळसच्या पलीकडं. आगी लागल्या त्या साली आमच्या वस्तीतलीही घरं जळाली. आमच्या दोन खोल्या होत्या. एकीचं छप्पर आणि आतलं सगळं गेलं, दुसरी वाचली. बाप त्याच्या आधीच वारला होता. नंतर वस्तीतल्या कितीतरी घरांनी परभणी धरली, पण माय हलली नाही. वाचलेल्या खोलीवर तिनं पत्रे टाकून घेतले आणि जळालेल्या खोलीच्या चार भिंती तशाच उभ्या ठेवल्या. त्या बिनछपराच्या खोलीत ती रोज झाडायची, बाजाराच्या दिवशी सारवायची, आणि पावसाळ्यात तिथं गवताची काडी उगवली की लगेच उपटायची.

घरात गवत उगवलं म्हणजे घर उजाड झालं, माणसं संपली, असं आमच्याकडं समजतात. मायला तेच होऊ द्यायचं नव्हतं. "ज्यांनी लावली त्यांना बघू दे," ती म्हणायची. "आमी हितंच हाव."

मी नोकरीला लागल्यापासून तिच्या मागं होते, की आता माझ्याकडं येऊन राहा. तिचं उत्तर ठरलेलं: "मी आले तर पळाली म्हंतील." पण तिचे गुडघे गेले होते. बसली की उठताना धरायला माणूस लागायचं, आणि तिथं धरायला कुणी नव्हतं. एकदा हापशापाशी पडली आणि तशीच पडून राहिली. शेजारणीनं निरोप पाठवला तेव्हा मी जाऊन तिला उचललीच. थोडे दिवस ये, म्हटलं, मग बघू. माझ्या मनात मात्र पक्कं होतं की आता परत पाठवायची नाही. तिकडं एकटीच कधी पुन्हा पडेल आणि मला कळणारसुद्धा नाही, या भीतीनं मला झोप लागत नसे.

आली, आणि बागेचं मातेरं केलं. तिचं तरी काय चुकलं? उभी जिंदगी तिनं खुरपणी केली होती. बाया ओळीनं बसायच्या, प्रत्येकीच्या वाट्याला पिकाच्या ठरलेल्या ओळी यायच्या, त्याला पात म्हणतात. पात मागं राहिली की मालकीण बोलायची. तण दोन पानांवर असतानाच निघालं पाहिजे; त्याला फूल येईपर्यंत राहिलं तर खुरपणारीची इज्जत गेली. अशा बाईला मोकळ्या जागेत वीतभर कुर्डू दिसल्यावर ती काय त्याला ओवाळणार होती? गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाली, "गुडगे उठताना दुकतेत. खुरपायला बसल्यावर न्हाई दुकत." शपथेवर सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भिंतीवरून डोकावून बघितलं. "अगं बाई बाई! काय साफ केली जागा! कुणी केली?"

"म्या केली," माय म्हणाली. तिची मान ताठ झाली.

"हात लय चलाख हाय की तुमचा. आमच्या कापसात तण माजलंय आन् बाया मिळंनात. उद्यापासून पात धरता का? रोज देऊ की."

मायचं तोंड असं खुललं की मला ते बघवेना. मी मध्ये पडले. म्हटलं, "काकू, माय माझ्याकडं पाहुणी आलीय. ती रोजानं जाणार नाही."

"अवं मग काय झालं? कामाला कसली लाज? मी बी खुरपते की."

आणि ते खरं होतं. काकू स्वतः कंबर खोचून खुरपायला बसायच्या, मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांनी आपली कदरच केली होती. म्हणून तर मला जास्त राग आला. त्या खुरपायच्या ते स्वतःच्या वावरात, एवढं मला बोलायचं होतं, पण ते त्या वेळी सुचलं नाही. नेहमीसारखं नंतर भांडी घासताना सुचलं.

घरात आल्यावर आम्हा मायलेकींची अशी जुंपली की विचारू नका.

"हाताला काम न्हाई तर मी काय दिवसभर भिंती बघू?" माय म्हणाली. "तुला माही लाज वाटायलीय व्हय?"

"लाज नाही वाटत. राग येतो."

"कशाचा?"

"जन्मभर दुसऱ्याच्या वावरात वाकलीस त्याचा."

"मग काल तुह्या वावरात वाकले तर बोंबललीस की!"

मी दार आपटून शाळेत गेले. दुपारच्या सुट्टीत घरी आले तर खोलीला कुलूप. किल्ली काकूंकडं ठेवलेली. गाठोडं घेऊन माय एसटीत बसून गेली होती. काकू म्हणाल्या, "मी थांबा म्हणलं, पर तुमची माय तुमच्यासारखीच हाय." त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळची गाडी धरून गावी गेले. घरी पोचले तर पत्र्याच्या खोलीचं दार उघडं आणि आत कुणी नाही. जळालेल्या खोलीत बघितलं. माय झरीला असताना पाऊस झाला होता आणि खोलीभर हिरवं गवत उगवून आलं होतं. माय जमिनीवर बसून ते उपटत होती. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून बसल्या बसल्या सरकत होती, हाताच्या जोरावर. लुगडं चिखलानं भरलं होतं. अर्धी खोली झाली होती, अर्धी राहिली होती.

मला रडू आलं. रागही आला. तिचा आला, गावाचा आला, ज्यांनी आग लावली त्यांचा आला, आणि त्या गवताचाही आला. मी चपला काढल्या, तिच्याशेजारी बसले आणि उपटायला लागले.

"मुळासकट काढ," ती म्हणाली. "नुसती पानं तोडू नगं. मास्तरीण झालीस तर हात मोडला की तुहा."

उपटून झाल्यावर आम्ही भिंतीला टेकून भाकरी खाल्ली. मग मी तिला सरळ विचारलं, "माय, तू पडलीस आणि तशीच राहिलीस तर मी काय करू?"

तिनं उपटलेल्या गवताचा ढीग हातानं सारखा केला. मग म्हणाली, "मी तिकडं आले तर हितं गवत माजंल. ते मला बघवणार न्हाई."

शेवटी असं ठरलं, की तिनं झरीला राहायचं आणि दर बाजाराच्या दिवशी एसटीनं येऊन खोली साफ करून जायची. मी तिला गाडीत बसवून देणार, ताडकळसला शेजारीण उतरवून घेणार. मला हे पटलेलं नव्हतं. एवढे हाल कशासाठी, असंच वाटत होतं. पण तिनं हो म्हटलं हेच खूप होतं.

"आन् माही बी एक अट हाय," ती म्हणाली. "तुह्या त्या जागेत मला हात लावू दे. नुसतं बसून मी मरून जाईन."

"लाव. पण उपटायचं नाही."

"उपटायचं न्हाई तर हात कशाला लावू?"

झरीला परत आलो तर माझ्या जागेत गंमत झालेली. मायनं सगळं मुळासकट काढलं होतं, तरी मातीत राहिलेलं बी पावसानं उठून आलं होतं. साऱ्या जागेवर इवली इवली दोन पानं. मी आनंदानं वाकून बघायला लागले, पण माझी पंचाईत ही की दोन पानांवर मला काहीच ओळखू येईना. मी सगळ्यांना फुलावरून ओळखणारी. माय खाटेवरून बोट करून सांगायची, हा कुर्डू, ही तिळवण, हे गाजरगवत. गाजरगवत काढायचं यावर मात्र आमचं दोघींचं एकमत होतं. ते तिच्या हवाली केलं, म्हणजे तिच्या हातांना काम मिळालं.

"आन् ह्यो येल," ती म्हणाली. "लय वंगाळ. कापसाला गळफास लावतो. दोन पानावरच काढावा लागतो."

"फूल कसं असतं त्याला?"

"मला काय ठावं? फूल येऊ दिलं असतं तर मालकिणीनं घरी बसवलं असतं."

"मग येऊ दे. बघू."

येऊ दे म्हणणं सोपं होतं. मायचे हात शिवशिवायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा ती भिंतीला टेकून, दोन्ही हात काखेत दाबून बसलेली असायची, आणि समोर तण वाढत असायचं. "माह्या जिवाला लय तरास व्हायलाय," असं रोज सांगायची. बाजाराच्या दिवशी मात्र गावी जाऊन त्या खोलीत हात मोकळे करून यायची आणि आल्यावर दोन दिवस तिला बरं वाटायचं.

एका सकाळी तिनं मला हलवून उठवलं. "अगं ए, ऊठ. हिकडं ये."

वेल भिंतीवर चढली होती आणि पहिल्यांदा फुलली होती. निळीभोर फुलं, पितळेच्या फुलपात्राएवढी, आत पांढरट. एकात भुंगा शिरलेला होता आणि फूल त्याच्या वजनानं हलत होतं. माय भिंतीला धरून उभी होती.

"त्योच येल व्हय ह्यो?"

"तोच."

तिनं बोटानं एका फुलाची कड हलकेच दाबली. "लय देखणं हाय गं," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्या किती उपटलं असंल हे." आणि तिचे डोळे भरून आले. माझी माय घर जळालं तेव्हा चारचौघांत रडली नव्हती. ती त्या फुलापुढं उभी राहून रडली.

मी म्हटलं, "धुऱ्यावर असायचं की हे. मी याच्याशीच खेळायचे."

"धुऱ्याकडं बघायला मान वर करावी लागती," ती म्हणाली. "मान वर केली की पात मागं राहती."

ऊन वर आलं तशी ती फुलं मिटून गेली. माय भलतीच नाराज झाली. "एवढंच व्हय? झालं?" दिवसभर येता-जाता मिटलेल्या फुलांकडं बघत होती, जणू कुणी तिला फसवलं होतं. दुसऱ्या दिवशी नवी फुलं आली तेव्हा तिचा जीव थाऱ्यावर आला. त्यानंतर ती रोज माझ्या आधी उठायची.

पुढं पुढं ती त्या जागेची मालकीणच झाली. कुर्डूचे तुरे आले, तिळवण पिवळी झाली, त्यावर फुलपाखरं यायला लागली. कुणाची शेळी आली तर माय शेळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. चार पोरी फुलं तोडायला आल्या तर आधी नीट विचारायला लावायची.

महालक्ष्म्यांच्या सणाला काकू आल्या. भिंतीवरून डोकावल्या नाहीत, फिरून दारानं आत आल्या. त्यांच्या गड्यानं त्या वर्षी सगळा धुरा साफ करून टाकला होता आणि महालक्ष्म्यांना पत्री-फुलं मिळत नव्हती. माझ्या जिभेवर आलं होतं, की ताक वरून आणि फुलं कशी आता? पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. त्या मायकडं बघून म्हणाल्या, "आघाडा हाय, कुर्डू हाय तुमच्याकडं. घेऊ का थोडा?"

मायला आयुष्यात कुणी असं विचारलं नव्हतं. ती जरा गडबडली. मग खाट सोडून उभी राहिली आणि म्हणाली, "घ्या की. पर वरून तोडा, मुळासकट उपटू नका. थांबा, मीच देते." तिनं जुडी बांधून दिली. काकूंनी ती तिच्या हातातून घेतली, दोन्ही हातांनी. एवढंच झालं. त्या गेल्यावर माय म्हणाली, "बाई बरी हाय. तूच उगं भांडती तिच्याशी."

दिवाळीच्या सुमाराला सगळं वाळलं. मला शिकवावं लागलं नाही. मायनं तुरे चोळले, बी पाखडलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात वेगवेगळ्या पुरचुंड्या बांधल्या. खुरपणाऱ्या बाईच्या हाती बी कधी पडत नाही. पेरणारे वेगळे, ती फक्त काढणारी. त्या पुरचुंड्या ती रोज उघडून बघायची. पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका बाजाराच्या दिवशी त्या गाठोड्यात घालून ती गावी गेली. शेजारणीला द्यायच्या असतील, असं मला वाटलं. संध्याकाळी आली ती थकलेली, नखांत माती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तिला म्हटलं, "चल, गाडीची वेळ झाली."

"न्हाई जायचं," ती म्हणाली. "तितलं काम झालं."

मला हेच हवं होतं. तरी ऐकल्यावर ही हरली, असं वाटलं. आता त्या खोलीत गवत माजणार आणि लोक म्हणणार, संपली ही माणसं. मी गाडीसाठी काढलेली पिशवी परत खुंटीला अडकवली. ती खाटेवर बसून ज्वारी निवडत होती, निवांत.

भादव्यात तिनंच गावाचा विषय काढला. "चल, बघून येऊ."

आम्ही पोचलो तर आमच्या घरासमोर दोघंचौघं उभे होते. उंबरा सारवलेला होता, ते शेजारणीनं मायच्या सांगण्यावरून केलं होतं. दाराच्या जागी बोरीच्या काट्यांचं नीट बांधलेलं फाटक होतं. आणि आत, त्या चार काळ्या भिंतींच्या मध्ये, कुर्डू माणसाच्या कमरेएवढा उभा होता, गुलाबी-पांढरा, खोलीभर. कडेनं तिळवण पिवळी झाली होती. निळी वेल जळालेल्या भिंतीवर चढून पार वर गेली होती, आणि सकाळची गाडी धरून आलो होतो म्हणून फुलं अजून मिटली नव्हती. मी बघतच राहिले.

गावातला एक माणूस, त्याचं घर वरच्या आळीत, जाता जाता थांबला. "काय मावशे," तो म्हणाला, "घरात तण माजलं की! उजाड झालं समदं. कुणाला तरी सांगून उपटून टाक."

मायनं मान वर केली. "तण न्हाई ते," ती म्हणाली. "पेरलंय म्या."

"कुर्डू पेरला?" तो हसायला लागला.

"व्हय. पेरला. आन् ज्याला उपटायचाय त्यानं खुशाल उपटावा. उभी जिंदगी हेच उपटलंय मी, मला ठावं हाय. हे उपटून जात नसतंय."

तो हसायचा थांबला. फाटकातून एकदा आत बघितलं आणि आपल्या वाटेनं निघून गेला. मायनं फाटकाची सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या खांद्याला धरलं.

"चल गं," ती म्हणाली. "गाडी चुकंल. घरी जाऊ."